एडवर्ड कॅल्विन केंडल

एडवर्ड कॅल्विन केंडल (जन्म : ८ मार्च १८८६, साउथ नॉरवॉक, कनेक्टिकट, मृत्यू : ४ मे १९७२, प्रिन्स्टन, न्यू जर्सी) हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ होते. अवटू ग्रंथीतील थायरॉक्सिन हे संप्रेरक त्यांनी प्रथम शुद्ध स्फटिकरूपात मिळवले. पुढे अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक स्टेरॉइड संयुगे वेगळी केली. त्यांपैकी एक कॉर्टिसोन या नावाने प्रसिद्ध झाले. या कार्यासाठी १९५० सालचे शरीरक्रियाविज्ञान अथवा वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक त्यांना फिलिप शोवॉल्टर हेंच आणि टाडेउश राइखस्टाइन यांच्यासह देण्यात आले.

केंडल यांचे बहुतेक संशोधन दोन ग्रंथींभोवती फिरले. पहिली ग्रंथी, म्हणजे अवटू, आपले संप्रेरक साठवून ठेवते. दुसरी, म्हणजे अधिवृक्क, जवळजवळ काहीच साठवत नाही. ती गरजेप्रमाणे संप्रेरक तयार करते आणि लगेच रक्तात सोडते. हा फरक त्या काळी पुरेसा स्पष्ट नव्हता. त्यांच्या आयुष्यातील यश आणि दीर्घ प्रतीक्षा या दोन्ही गोष्टींमागे तोच आहे.

बालपण आणि शिक्षण

केंडल यांचा जन्म अमेरिकेच्या ईशान्य भागातील कनेक्टिकट राज्यात साउथ नॉरवॉक या गावी झाला. वडील जॉर्ज स्टॅन्ली केंडल हे दंतवैद्य होते. रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून त्यांनी १९०८ मध्ये बी.एस., १९०९ मध्ये एम.एस. आणि १९१० मध्ये पीएच.डी. या पदव्या मिळवल्या.

त्याच वर्षी ते डेट्रॉइट येथील पार्क-डेव्हिस या औषधनिर्मात्या कंपनीत संशोधक म्हणून रुजू झाले. अवटू ग्रंथीतील क्रियाशील पदार्थ शोधण्याचे काम तेथे त्यांच्याकडे आले. त्या नोकरीत ते फार काळ राहिले नाहीत. १९११ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात आले. अवटू ग्रंथीचा विषय मात्र त्यांनी सोडला नाही. १९१४ मध्ये मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये जीवरसायन विभागाचे काम त्यांना मिळाले आणि पुढील ३७ वर्षे ते तेथेच राहिले. १९१५ मध्ये रिबेका केनेडी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

थायरॉक्सिनचा शोध

मिनेसोटा आणि त्याच्या आसपासच्या भागात पाण्यात व मातीत आयोडीन कमी असल्याने गलगंडाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत. अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियांसाठी मेयो क्लिनिक प्रसिद्ध होते. या ग्रंथीत आयोडीन असते हे १८९५ मध्येच समजले होते. अर्काच्या प्रत्येक टप्प्यावर आयोडीनचे प्रमाण मोजत गेले, तर क्रियाशील पदार्थ कोठे साचतो आहे हे कळेल, हा केंडल यांच्या कामाचा पाया होता. २५ डिसेंबर १९१४ रोजी, नाताळच्या दिवशी, त्यांच्या हाती शुद्ध स्फटिक आले. या पदार्थाला त्यांनी थायरॉक्सिन हे नाव दिले.

पुरेसा पदार्थ जमवण्यासाठी पुढील काही वर्षांत डुकरांच्या सुमारे तीन टन अवटू ग्रंथींवर प्रक्रिया करण्यात आली. त्यातून सुमारे ३३ ग्रॅम थायरॉक्सिन मिळाले. हे प्रमाण फार अल्प वाटते; तरीही अवटू ग्रंथी या बाबतीत उदारच म्हणायला हवी. तिच्या सूक्ष्म पुटकांमध्ये थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाला जोडलेले संप्रेरक कित्येक आठवडे पुरेल इतके साठलेले असते. कत्तलखान्यातून आणलेल्या ग्रंथीत तो साठा तसाच राहत असल्यामुळे रसायनशास्त्रज्ञाला तो हाती लागू शकला.

थायरॉक्सिनची रेणुरचना ठरवताना मात्र केंडल यांचा अंदाज चुकला. हा पदार्थ इंडोल वर्गातील असावा असे त्यांनी मानले आणि त्याचे नावही त्याच समजुतीवरून घडवले. १९२६ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅरिंग्टन यांनी खरी रचना सिद्ध केली. १९२७ मध्ये जॉर्ज बार्जर यांच्यासमवेत त्यांनी प्रयोगशाळेत थायरॉक्सिन तयारही केले. केंडल यांनी ठेवलेले नाव टिकले, रचना टिकली नाही. पदार्थ शुद्ध मिळवणे आणि तो काय आहे हे जाणणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे या प्रसंगातून दिसून आले. पुढे अधिवृक्क संयुगांवर काम करताना रचनेच्या पुराव्यावर त्यांच्या गटाने अधिक भर दिला.

या दोन कालखंडांच्या मधे केंडल ग्लुटाथायोन या पदार्थाकडे वळले. पेशींतील ऑक्सिडीकरणाशी संबंधित असलेला हा पदार्थ दोन नव्हे, तर तीन ॲमिनो अम्लांचा बनलेला आहे, हे १९२९-३० च्या सुमारास दाखवून देणाऱ्यांमध्ये ते होते.

अधिवृक्क ग्रंथीकडे

अधिवृक्क ग्रंथी ही दोन्ही मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला टोपीसारखी बसलेली लहान ग्रंथी आहे. प्रौढ माणसात प्रत्येक बाजूच्या ग्रंथीचे वजन साधारण ४ ते ५ ग्रॅम असते. तिचे दोन भाग असतात : आतील मध्यक आणि बाहेरील बाह्यक. मध्यकातून मिळणारे ॲड्रेनॅलीन विसाव्या शतकाच्या प्रारंभीच शुद्ध करण्यात आले होते. बाह्यकाचे कार्य मात्र गूढ होते. १८५५ मध्ये इंग्लिश वैद्य टॉमस ॲडिसन यांनी या ग्रंथीच्या नाशामुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन केले होते. त्यात अतिशय अशक्तपणा येतो, भूक मंदावते, रक्तदाब घसरतो, त्वचा काळवंडते आणि रुग्ण हळूहळू खंगत मृत्यू पावतो. या आजाराला ॲडिसनचा रोग असे नाव पडले. ग्रंथी काढून टाकलेले प्राणी जगत नाहीत आणि त्यांचे जीवन बाह्यकावर अवलंबून असते, हेही प्रयोगांतून दिसले होते.

१९३० मध्ये प्रिन्स्टन येथील स्विंगल आणि फिफनर यांनी बाह्यकाचा असा अर्क तयार केला, की जो दिल्यास अधिवृक्क ग्रंथी काढलेले प्राणी जिवंत राहत. हा अर्क मेयो क्लिनिकमध्ये लिओनार्ड राउनट्री यांनी ॲडिसनच्या रोगाच्या रुग्णांना दिला, तेव्हा मरणपंथाला लागलेल्या रुग्णांत सुधारणा दिसली. ज्या रोगावर तोपर्यंत कोणताच इलाज नव्हता, त्यावर निदान काही दिवसांचा तरी उपाय मिळाला होता. परंतु अर्क अतिशय महाग होता आणि त्याची शक्ती प्रत्येक वेळी वेगवेगळी भरत असे. त्यातील क्रियाशील पदार्थ शोधणे आवश्यक होते आणि हे काम केंडल यांनी हाती घेतले.

त्याच सुमारास हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-द्यर्दी काही काळ मेयो क्लिनिकमध्ये होते. अधिवृक्क ग्रंथींतून त्यांनी जो पदार्थ वेगळा केला, तो पुढे क जीवनसत्त्व ठरला. त्या कामामुळेही प्रयोगशाळेत या ग्रंथींविषयीची जिज्ञासा वाढली.

संशोधनासाठी ग्रंथी प्रचंड प्रमाणात लागत. त्यासाठी पार्क-डेव्हिस कंपनीशी सोयीची व्यवस्था करण्यात आली. कंपनीकडून गुरांच्या ग्रंथी मिळत. त्यांतील ॲड्रेनॅलीन वेगळे करून कंपनीला दिले जाई आणि बाह्यकाचा अर्क संशोधनासाठी ठेवला जाई. मेयो क्लिनिकच्या प्रयोगशाळेला काही काळ लहानशा कारखान्याचे रूप आले होते.

संयुग ए पासून संयुग एफ पर्यंत

बाह्यकाचे एकच संप्रेरक असावे अशी त्या वेळची सर्वसाधारण समजूत होती आणि त्याला कॉर्टिन असे म्हटले जाई. १९३४ मध्ये केंडल यांच्या गटाने स्फटिकरूप कॉर्टिन मिळाल्याचे जाहीर केले. थोड्याच काळात असे आढळले, की तो एक पदार्थ नसून अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. केंडल यांनी एकेक संयुग वेगळे करून त्यांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांची नावे दिली : संयुग ए, संयुग बी आणि त्याप्रमाणे पुढे. १९३५-३६ पर्यंत संयुग ई हाती आले. या कामात हॅरल्ड मेसन हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. त्याच वेळी स्वित्झर्लंडमध्ये राइखस्टाइन, तर न्यूयॉर्कमध्ये विंटरस्टाइनर आणि फिफनर हेही याच वाटेवर होते. तिन्ही प्रयोगशाळांनी वेगवेगळी नावे दिलेला एक पदार्थ प्रत्यक्षात एकच निघाला आणि तो म्हणजे केंडल यांचे संयुग ई.

ही सर्व संयुगे स्टेरॉइड वर्गातील होती. एकमेकांना जोडलेल्या चार कार्बनी वलयांचा सांगाडा त्या सर्वांमध्ये सारखा असतो. फरक असतो तो एखाद्या ऑक्सिजन अणूच्या जागेचा. संयुग ए मध्ये सतराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट जोडला, की संयुग ई होते. संयुग ई च्या अकराव्या कार्बनवर नुसता ऑक्सिजन आहे. तेथे हायड्रॉक्सिल गट असेल, तर ते संयुग एफ ठरते. संयुग ए आणि संयुग बी यांच्यातही नेमका हाच फरक आहे. इतक्या लहान बदलाने रेणूचे शरीरातील कार्य पार पालटते.

कोणते संयुग किती प्रभावी आहे हे ठरवण्यासाठी ड्वाइट इंगल यांनी केंडल यांच्या प्रयोगशाळेत स्नायूंच्या कार्यावर आधारित चाचणी वापरली. अधिवृक्क ग्रंथी काढलेल्या उंदरांचे स्नायू लवकर थकतात. एखाद्या संयुगाने ते किती काळ काम करू शकतात, हे या चाचणीत मोजले जाई. तीत संयुग ई ठळकपणे प्रभावी ठरले. मात्र क्षार व पाणी राखून ठेवण्याची मोठी शक्ती अर्काच्या अशा भागात शिल्लक राहत होती, ज्याचे स्फटिक होत नव्हते. त्या भागातील आल्डोस्टेरोन हे संप्रेरक १९५३ मध्ये लंडन येथील सिम्पसन व टेट आणि राइखस्टाइन यांच्या सहकार्यातून वेगळे करण्यात आले.

शरीरातील निर्मिती

ग्रंथींच्या डोंगराएवढ्या ढिगातून चिमूटभर स्फटिक का मिळत, याचे उत्तर बाह्यकाच्या कार्यपद्धतीत आहे. बाह्यकातील पेशी तयार संप्रेरक साठवत नाहीत. त्या कोलेस्टेरॉल हा कच्चा माल साठवतात. पोष ग्रंथीतून एसीटीएच हे संप्रेरक आले, की कोलेस्टेरॉल पेशीतील तंतुकणिकांमध्ये नेले जाते. तेथे त्याची लांब बाजूची साखळी तुटते आणि प्रेग्नेनोलोन तयार होते. त्यानंतर विकरांच्या साहाय्याने रेणूवर क्रमाक्रमाने बदल होतात. काही बदल तंतुकणिकांबाहेर होतात, तर शेवटचा महत्त्वाचा बदल, म्हणजे अकराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट जोडणे, पुन्हा तंतुकणिकांमध्येच होतो. तयार झालेला रेणू मेदात विरघळणारा असल्यामुळे पेशीच्या आवरणातून सहज बाहेर पडतो आणि रक्तात मिसळतो. त्याला अडवून ठेवणारी कोठी पेशीत नाही.

बाह्यकाचे तीन थर असून प्रत्येकाचे काम वेगळे आहे. सर्वांत बाहेरचा थर आल्डोस्टेरोन तयार करतो, ते सोडियम राखून पोटॅशियम बाहेर टाकण्यास मदत करते. मधला व सर्वांत जाड थर कॉर्टिसॉल, म्हणजेच केंडल यांचे संयुग एफ, तयार करतो. आतला थर पुरुषी लैंगिक संप्रेरकांचे सौम्य पूर्वपदार्थ बनवतो. निरोगी प्रौढ माणसात दिवसाकाठी साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते. पहाटे ते सर्वाधिक आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. आजारपण, शस्त्रक्रिया किंवा उपासमार अशा ताणाच्या वेळी त्याची निर्मिती कित्येक पटींनी वाढते. रक्तातील कॉर्टिसॉल वाढले, की मेंदूतील अधश्चेतक आणि पोष ग्रंथी यांचे संदेश मंदावतात व निर्मिती आपोआप कमी होते.

युद्धकाळ आणि संश्लेषण

निसर्गातून मिळणारा पदार्थ इतका तुटपुंजा असल्याने तो प्रयोगशाळेत बनवण्यावाचून मार्ग नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनी अधिवृक्क ग्रंथींचा अर्क वैमानिकांना देऊन त्यांना अधिक उंचीवर उडवत असल्याची अफवा अमेरिकेत पसरली. अफवा खरी नव्हती, पण तिच्यामुळे या संप्रेरकांच्या संशोधनाला सरकारी प्राधान्य मिळाले. केंडल यांच्या गटाने संयुग ए च्या संश्लेषणाचा मार्ग शोधला. मर्क कंपनीच्या साहाय्याने ते तयारही करण्यात आले. मात्र ॲडिसनच्या रोगाच्या रुग्णांवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. अनेक वर्षांच्या श्रमानंतर आलेली ही निराशा मोठी होती. पुष्कळांचा या विषयातील रस त्यानंतर कमी झाला.

केंडल यांनी संयुग ई चा आग्रह सोडला नाही. मर्क कंपनीतील तरुण रसायनशास्त्रज्ञ लुइस सॅरेट यांनी १९४४ च्या अखेरीस गुरांच्या पित्तातील डिऑक्सिकोलिक अम्लापासून संयुग ई बनवण्यात यश मिळवले. या प्रक्रियेत सुमारे छत्तीस टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर बराच पदार्थ वाया जाई. रुग्णांना देण्याइतके काही ग्रॅम संयुग ई जमायला १९४८ साल उजाडावे लागले.

हेंच यांचे निरीक्षण आणि पहिला रुग्ण

मेयो क्लिनिकमधील संधिरोगतज्ज्ञ फिलिप हेंच यांनी १९२९ पासून एक विलक्षण गोष्ट टिपली होती. आमवाताने जखडलेल्या रुग्णाला कावीळ झाली, तर सांध्यांच्या वेदना काही काळ कमी होत. गर्भवती स्त्रियांमध्येही असाच आराम दिसे. त्यावरून हा आजार मूळचा अपरिवर्तनीय नाही आणि शरीरातच त्याला आवर घालणारा कोणता तरी पदार्थ असावा, असा तर्क त्यांनी केला. केंडल आणि हेंच एकाच संस्थेत होते. त्यांच्या चर्चांतून, हा पदार्थ अधिवृक्क बाह्यकातील असू शकतो ही कल्पना पुढे आली. १९४१ मध्येच संयुग ई रुग्णांवर वापरून पाहण्याचे दोघांनी ठरवले होते. परंतु हाती पदार्थ नव्हता.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला संयुग ई चे पहिले इंजेक्शन देण्यात आले. मात्रा दिवसाला १०० मिलिग्रॅम होती. दोन-तीन दिवसांत तिच्या सांध्यांचा ताठरपणा कमी झाला आणि आठवडाभरात ती हिंडूफिरू लागली. त्यानंतर इतर रुग्णांमध्येही हाच अनुभव आला. एप्रिल १९४९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संयुग ई या नावाचा ई जीवनसत्त्वाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याला कॉर्टिसोन हे नवे नाव देण्यात आले.

नोबेल पारितोषिक

१९४९ मध्ये केंडल आणि हेंच यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढील वर्षी, पहिल्या इंजेक्शननंतर अवघ्या दोन वर्षांनी, केंडल, हेंच आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. अधिवृक्क बाह्यकातील संप्रेरके, त्यांची रचना आणि त्यांचे जैविक परिणाम यांवरील शोधांसाठी हा सन्मान होता. रसायनशास्त्रज्ञ आणि रुग्णांजवळ काम करणारा वैद्य यांना एकत्र सन्मानित करण्याचे हे ठळक उदाहरण आहे.

अपेक्षा आणि मर्यादा

कॉर्टिसोनच्या बातमीने जगभरातील रुग्णांच्या आशा पल्लवित झाल्या. औषध दुर्मीळ होते आणि प्रारंभी त्याची किंमत ग्रॅमला सुमारे २०० डॉलर होती. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतील पीटरसन आणि मरी यांनी ऱ्हायझोपस या बुरशीकडून अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसवून घेण्याची युक्ती शोधली. मेक्सिकोतील रानटी कंदापासून मिळणारा कच्चा माल आणि ही बुरशी यांच्या जोरावर अनेक टप्पे वगळता आले आणि औषध स्वस्त झाले.

मर्यादाही लवकरच स्पष्ट झाल्या. औषध थांबवले की आमवाताची लक्षणे परत येत. म्हणजे ते रोग बरा करत नव्हते, तर त्याची दाहक प्रतिक्रिया दाबत होते. दीर्घकाळ घेणाऱ्यांत चेहरा गोल होणे, रक्तदाब व रक्तशर्करा वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग बळावणे आणि मानसिक अस्वास्थ्य असे परिणाम दिसू लागले. यामागचे कारण मात्रेत होते. सुरुवातीस दिले जाणारे १०० मिलिग्रॅम हे शरीराच्या रोजच्या निर्मितीच्या कित्येक पट होते. संप्रेरक आता संप्रेरक न राहता औषध झाले होते.

आणखी एक धोका होता आणि त्याचा इशारा केंडल यांच्याच प्रयोगशाळेतून आधी मिळाला होता. बाह्यकाचा अर्क मोठ्या प्रमाणात दिला, तर उंदराची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी आक्रसते, हे इंगल आणि केंडल यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले होते. बाहेरून संप्रेरक मिळू लागले, की पोष ग्रंथीचा संदेश थांबतो आणि काम नसलेला बाह्यक क्षीण होतो. अशा वेळी औषध एकाएकी बंद केले, तर शरीरात ना बाहेरचे संप्रेरक उरते ना स्वतःचे, आणि ॲडिसनच्या रोगासारखी प्राणघातक अवस्था ओढवू शकते. म्हणूनच दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे वैद्यकीय देखरेखीखाली क्रमाक्रमाने कमी केली जातात.

रूपांतर आणि उत्सर्जन

जे संप्रेरक साठवले जात नाही, ते झपाट्याने काढून टाकण्याचीही व्यवस्था शरीरात असते. रक्तातील ९० टक्क्यांहून अधिक कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते. उरलेले मुक्त कॉर्टिसॉल पेशींमध्ये शिरून कार्य करते. रक्तातील कॉर्टिसॉलचे प्रमाण सुमारे ६० ते ९० मिनिटांत निम्म्यावर येते. हे काम प्रामुख्याने यकृत करते. तेथील विकरे रेणूच्या पहिल्या वलयात हायड्रोजन जोडून त्याला निष्क्रिय करतात आणि मग त्याला ग्लुकुरॉनिक अम्ल जोडतात. मूळचा मेदात विरघळणारा रेणू त्यामुळे पाण्यात विरघळू लागतो आणि मूत्रपिंडांवाटे मूत्रात जातो. मूळ स्वरूपातील कॉर्टिसॉल मूत्रात फारच थोडे, साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी, आढळते. चोवीस तासांच्या मूत्रातील हे मुक्त कॉर्टिसॉल मोजून ग्रंथी अति काम करत आहे काय, हे आजही तपासले जाते.

मूत्राच्या अभ्यासानेच एक महत्त्वाचा उलगडा झाला. १९४८ मध्ये मेसन आणि स्प्रेग यांनी मेयो क्लिनिकमध्ये कुशिंगच्या विकाराच्या रुग्णाच्या मूत्रातून संयुग एफ, म्हणजे कॉर्टिसॉल, वेगळे केले. मानवी बाह्यकाचे प्रमुख संप्रेरक ई नसून एफ आहे, हे पुढील काळात निश्चित झाले. कॉर्टिसोन स्वतः जवळजवळ निष्क्रिय आहे. यकृतातील एक विकर त्याच्या अकराव्या कार्बनवरील ऑक्सिजनचे हायड्रॉक्सिल गटात रूपांतर करून त्याचे कॉर्टिसॉल बनवते आणि तेव्हाच ते कार्य करू शकते. १९४८ मधील त्या पहिल्या रुग्णाला आराम मिळाला, तो तिच्या यकृताने संयुग ई चे संयुग एफ केले म्हणून.

मूत्रपिंडात याच्या उलट घडते. तेथील विकर कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन करून त्याला निष्प्रभ करते. तसे झाले नाही, तर मुबलक असलेले कॉर्टिसॉल आल्डोस्टेरोनची जागा बळकावून शरीरात मीठ साठवू लागेल. आपल्याकडे घरोघरी खोकल्यावर वापरल्या जाणाऱ्या ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन हे द्रव्य या विकराला अडवते. त्यामुळे ज्येष्ठमध दीर्घकाळ व अति प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम कमी होऊ शकते.

उत्तरायुष्य

मेयो क्लिनिकच्या नियमानुसार केंडल १९५१ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर प्रिन्स्टन विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून त्यांनी अधिवृक्क संप्रेरकांवरील संशोधन चालू ठेवले. १९७१ मध्ये कॉर्टिसोन या नावाने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, ४ मे १९७२ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महत्त्व

केंडल यांच्या कार्याचा सर्वांत निर्विवाद लाभ ॲडिसनच्या रोगाच्या रुग्णांना झाला. जो रोग पूर्वी निश्चित मृत्यू मानला जाई, त्याचे रुग्ण आज शरीराच्या गरजेइतके संप्रेरक गोळ्यांच्या रूपात घेऊन नेहमीचे आयुष्य जगू शकतात. दमा, तीव्र ॲलर्जी, अवयवरोपण आणि अनेक दाहक विकार यांच्या उपचारांतही या वर्गातील औषधे अपरिहार्य झाली आहेत. २०२० मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या संश्लेषित स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वसनावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. त्याचबरोबर २०२१ च्या लाटेत महाराष्ट्रासह भारतात मोठ्या संख्येने आढळलेल्या म्युकरमायकोसिसशी अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिरेकी वापर यांचा संबंध जोडला गेला.

केंडल यांच्या वैज्ञानिक कारकिर्दीत चुका आणि अपुरे निष्कर्ष होते : थायरॉक्सिनची चुकीची रचना, मिश्रण निघालेले कॉर्टिन आणि निरुपयोगी ठरलेले संयुग ए. तरीही प्रत्येक वेळी हाती आलेला पदार्थ पुन्हा तपासणे आणि अपयशानंतरही विषय न सोडणे, हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य राहिले. त्यांनी वेगळ्या केलेल्या संयुगांमुळे अधिवृक्क संप्रेरकांची निर्मिती, रूपांतर आणि उत्सर्जन यांचा पुढील अभ्यास शक्य झाला. शरीर जे संप्रेरक रोज मिलिग्रॅमच्या मापाने तयार करते आणि काही तासांत नाहीसे करते, ते औषध म्हणून वापरतानाही तितकेच मोजूनमापून वापरावे लागते, ही आजच्या उपचारपद्धतीची शिस्त त्याच अभ्यासातून आली आहे.